पडद्यातली दोन छिद्रे

मु. धानोरा, ता. चांदूर रेल्वे
सोमवार, ता. २४ नोव्हेंबर १९५८

श्रीमती सत्यवतीबाई, परिचारिका, अकोला, यांस

भगवंतराव देशमुख यांजकडून.

हे पत्र मी स्वेच्छेने लिहीत नाही, हे आरंभीच नमूद करतो. अमरावतीचे डॉक्टर चिंतामणराव पांढरीपांडे यांना आपल्या मातोश्रींच्या माहेरची काही माहिती हवी आहे. आपण लहानपणी पातूरला आजोळी पुष्कळ राहिलात, सबब आपणांस विचारणे प्राप्त झाले. चौदा वर्षांपूर्वी आपण नर्सचे शिक्षण घेण्यास घर सोडलेत, त्या दिवशी मी भाऊबंदांसमक्ष शपथ घेतली की मी जिवंत असेपर्यंत आपण या घराचा उंबरठा ओलांडणार नाही. ती शपथ कायम आहे. या पत्राने तिला बाध येत नाही.

हकीकत येणेप्रमाणे. दिवाळीच्या पाडव्याला मला ओवाळून झाल्यावर आपल्या मातोश्री, म्हणजे माझे कुटुंब, पाटावरून उठत होत्या. उठताना त्यांनी उजवा हात जमिनीवर टेकला. पाय घसरला नाही, ठेच लागली नाही, जमीन ओली नव्हती. नुसता हात टेकला आणि तो मनगटापाशी मोडला. आवाज मी ऐकला. कापसाची वाळलेली पऱ्हाटी हातात मोडावी, तसा. त्या ओरडल्या नाहीत. "निरांजन धरा वो, तूप सांडून राह्यलं," एवढेच म्हणाल्या.

गावच्या हाडवैद्याने कामट्या बांधल्या. बांधता बांधता तो म्हणाला, "मालक, हे हाड साठीच्या आतलं नाई. हे नव्वदीचं हाये. अमरावतीले न्या." ज्या घरात दुभत्याला कधी खंड पडला नाही, त्या घरच्या स्त्रीचे हाड नव्वदीचे कसे, म्हणून मी त्याच्यावर रागावलो. आठ दिवसांनी नेले.

आपल्या घरच्या स्त्रिया पडद्यात राहतात, हे आपण विसरला नसाल. बैलांच्या दमणीला दोन्ही बाजूंनी पडदा सोडला होता. चांदूरच्या स्टेशनावर दमणीपासून डब्यापर्यंत मैनाबाईने आणि गड्याच्या बायकोने चादर धरली. अमरावतीला डॉक्टरांना मी सांगितले की रुग्ण पडद्याआड बसेल. हात बाहेर येईल, तेवढाच पाहावा. डॉक्टरांनी ते मान्य केले. सज्जन मनुष्य आहे.

मग त्यांनी मला एक प्रश्न केला. तो पत्रात लिहिणे प्रशस्त नव्हे, परंतु आपला व्यवसायच तो आहे, म्हणून लिहितो. मासिक धर्म कोणत्या वयात थांबला? डॉक्टर लेखणी धरून वाट पाहत राहिले. मला प्रत्येक शेताचा पेरा सालवार पाठ आहे. हे मला ठाऊक नव्हते. तेवढ्यात पडद्यामागून मैनाबाई बोलली. ही मैनाबाई मातोश्रींच्या लग्नात पातूरहून पाठराखीण म्हणून आली आणि आपल्याच शेतावर राहिली, हे आपण जाणताच. दोघींच्या वयात तीन महिन्यांचे अंतर आहे.

"मालकाले काय पुसता डाक्टरसाहेब, मले पुसा. सत्ती रंडकी होऊन घरी आली, त्याच्या दोन वर्सं आंधी बंद झालं. बाईले चाळीसही लागले नव्हते. मालकाले गाय कोन्या महिन्यात व्याते ते ठावं राह्यते, बाईचं नाई."

डॉक्टरांनी खाली मान घालून लिहून घेतले.

नंतर एक्स-रे नावाचा फोटो काढला. एक हाताचा, एक पाठीचा. काचेसारखा काळा पत्रा खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी मला जवळ बोलाविले. सत्यवतीबाई, मी चौथी इयत्ता पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला मनुष्य आहे. पुष्कळ वाचले, पुष्कळ पाहिले. असे पाहिले नव्हते. पंचेचाळीस वर्षे ज्या स्त्रीचे बोट मी परक्याच्या दृष्टीस पडू दिले नाही, तिच्या हाताची हाडे त्या काळोखात उभी होती. लुगडे नाही, कातडे नाही, बांगड्यांची वर्तुळे मात्र जागच्या जागी. आणि ती हाडे, शेकडो वेळा धुतलेले लुगडे उन्हात धरले असता जसे सूतन्‌सूत दिसते, तशी विरळ.

"हाडाचा तिसरा हिस्सा गेल्याखेरीज फोटोत काही दिसत नाही, देशमुखसाहेब," डॉक्टर म्हणाले. "इथे दिसते आहे. पाठीचे तीन मणकेही खचले आहेत. यांची उंची किती कमी झाली?" मी पडद्याकडे पाहिले. ते पुढे म्हणाले, "मनगट जुळेल. पण यानंतर खुब्याचा क्रम असतो. अशा हाडात खुबा मोडला, तर त्या अंथरुणावरून उठणार नाहीत. पुढचे सहा महिने महत्त्वाचे."

त्यांनी कुतूहलाने मैनाबाईच्याही हाताचा फोटो काढला. तेच वय, तेच गाव, तेच घर. तो फोटो पांढराशुभ्र आला. डॉक्टर दोन्ही फोटो शेजारी धरून पाळीपाळीने पाहत राहिले.

तेव्हा कळवावे : आपल्या पातूरच्या आजी पाठीत वाकल्या होत्या, त्या कोणत्या वयापासून? त्यांचे कोणते हाड मोडले होते काय?

उत्तर मैनाबाईच्या नावे पाठवावे. तिला वाचता येत नाही, सबब मी वाचून दाखवीन.

कळावे,
भगवंतराव देशमुख


मु. धानोरा
शुक्रवार, ता. ५ डिसेंबर १९५८

सत्यवतीस,

मैनाबाईच्या नावचे पत्र पोचले. तिला वाचून दाखविले. "आई रात्री झोपते का" हा भाग दोनदा वाचावा लागला, कारण तिने पुन्हा वाचण्यास सांगितले. आई झोपते. मागील पत्रात मी 'आपण' असे लिहिले. ते लिहिताना लेखणी वारंवार अडखळत होती व कागद वाया गेले, सबब यापुढे 'तू' लिहीन. यातून दुसरा अर्थ काढू नये.

आजी पन्नाशीपासून वाकली आणि पुढे नुसत्या खोकल्याने तिची बरगडी मोडली, हे तू कळविलेस. मला यातले काही माहीत नव्हते. पातूरची सासूबाई माझ्यासमोर नेहमी वाकलेली असे. मी समजत होतो, जावयाचा मान ठेवते.

तुझे पत्र घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. ते वाचून त्यांनी विचारले, "मुलगी कुठे असते?" मी अकोल्यास असे सांगितले. "चांगली शिकलेली आहे," ते म्हणाले. तुला ते वाक्य कळविले आहे.

मग त्यांनी मला जे समजावून दिले, ते मी तेव्हापासून मनात घोळवीत आहे. मी हाडाला दगड समजत होतो. सगळेच समजतात. डॉक्टर म्हणाले, हाड रोज थोडे मोडते आणि रोज थोडे बांधले जाते. आत दोन गवंडी आहेत, एक पाडणारा आणि एक बांधणारा. तिशीपर्यंत बांधणारा पुढे असतो. पुढे दोघे बरोबरीने चालतात. स्त्रीच्या अंगात एक रस असतो, तो पाडणाऱ्यावर मुकादमासारखी नजर ठेवतो. मासिक धर्म थांबला की तो रस आटतो, आणि पाडणारा मोकाट सुटतो. ज्या स्त्रीचे चाळिशीच्या आत थांबले, तिची भिंत दहा वर्षे अगोदर उघडी पडली. बांधण्यास चुना हवा, तो दुधातून येतो. चुना कामावर पोचविण्यास ऊन हवे. आणि भिंत कोठे जाड करावयाची हे ओझे सांगते. ज्या हाडावर भार पडतो, तेथे गवंडी जास्त लावतो. पाच बाळंतपणांत बाळांची हाडेही तिच्याच हाडांतून झाली. खाणे भरपूर असेल तर ते पुन्हा भरून येते. त्या पाचांतून राहिलीस तू एक.

विचार कर. पडद्याआड एक स्त्री स्वस्थ बसलेली आहे, असे घरधन्याला वाटते. आणि तिच्या आत असे अहोरात्र बांधकाम चालू आहे, गवंडी आहेत, मुकादम आहे, भिंती उठत आहेत आणि पडत आहेत. घर माझे, आणि मला पत्ता नाही. परत येताना गाडीत मी माझाच हात उलटसुलट करून पाहत बसलो. समोरचा प्रवासी मला खुळा समजला असेल.

तू लिहिल्याप्रमाणे दूध सुरू करावे म्हणून मी स्वतः सकाळी पेला भरून नेला. मी यापूर्वी कधी नेला नव्हता, त्यामुळे साय सांडली. तुझ्या आईने पेल्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मले दूध चालत नाई."

"केव्हापासून?"

"लई दिवस झाले."

मला वाटले पोटाची तक्रार असेल. दही दिले, तेही नाही. ताकही नाही. तेव्हा मी मैनाबाईला गोठ्याजवळ गाठून विचारले. तिने कमरेवर हात ठेवला. "आता पुसता? चौदा वर्सं झाल्यावर? सत्ती गेली, तवा बाईनं देवापुढं सोडलं. म्हने, पोरगी या घरात येऊन माया हातचं दूध पेईन, तवाच मी पेईन. तोवर दूध, दही, ताक, काई नाई."

"तिच्या वाट्याचे दूध कोठे जाते?"

मैनाबाईने पदराला हात पुसले. "मले देते. रोज सांजच्याले. म्हने, मैने, फेकू तर नाई ना. तू पे."

मला ते दोन फोटो आठवले. डॉक्टरांना विचारले असता ते म्हणाले की नुसत्या दुधाने एवढा फरक पडत नाही; मैनाबाईने जन्मभर उन्हात शेत निंदले, डोक्यावर भारे वाहिले, तिची आईही ताठ होती म्हणतात. ते खरे असेल. परंतु माझ्या घरचे दूध मी त्या पांढऱ्या फोटोत पाहिले आहे.

म्हणजे आता असे आहे. तुझ्या आईने दूध घेतले नाही तर खुबा मोडेल. तू आल्याखेरीज ती दूध घेणार नाही. आणि तू येऊ नयेस अशी माझी शपथ आहे.

मी यात काही सुचवीत नाही. वस्तुस्थिती कळविली.

भगवंतराव


मु. धानोरा
शुक्रवार, ता. १९ डिसेंबर १९५८

चि. सत्यवतीस आशीर्वाद.

ऊन मिळावे म्हणून मी दर्शनी दाराचा पडदा काढविला. हे मी तुझ्या पत्रावरून केले नाही. डॉक्टरांनी लेखी दिले आहे. काढण्यापूर्वी दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही. माझ्या आजोबांच्या वेळेपासून त्या दाराला पडदा आहे. सध्याचा जाड निळा पडदा तू घरी असतानाचाच.

तो मी स्वतः उतरविला. गड्यास हात लावू दिला नाही. अंगणात झटकण्यासाठी उन्हात धरला, तेव्हा त्यातून उजेडाचा एक ठिपका माझ्या छातीवर पडला. मी पाहिले. पडद्यात एक छिद्र होते, हरभऱ्याएवढे. उंदराचे नव्हे. कडा निळ्या दोऱ्याने काजासारख्या बारीक शिवून घेतलेल्या. तुझ्या आईचा टाका मी ओळखतो.

मग दुसरा ठिपका दिसला, पहिल्याच्या खाली. त्याच्याही कडा शिवलेल्या, परंतु दोरा नवा, रंग न उडालेला.

मी पडदा पुन्हा दाराला लावला. तुझ्या आईला बोलाविले आणि त्यामागे उभे राहण्यास सांगितले. "काहून?" ती म्हणाली. "उभी राहा," मी म्हणालो. खालचे छिद्र बरोबर तिच्या डोळ्यासमोर आले. वरचे तिच्या कपाळाच्याही वर राहिले. मी दोहोंमध्ये बोटे लावून पाहिली. चार बोटे.

डॉक्टरांनी विचारले होते, उंची किती कमी झाली. कोणी मोजली नव्हती. तिने मोजली होती. डोळा छिद्रापर्यंत पोचेना, तेव्हा तिने दुसरे केले. ते करताना तिला काय वाटले असेल, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. मी एवढेच विचारले, "यातून काय दिसते?"

"रस्ता," ती म्हणाली. "चांदूरचा."

तू त्याच रस्त्याने गेलीस. त्या दिवशी बाजार होता आणि मी सायंकाळपर्यंत अमरावतीस होतो. तुला स्टेशनपर्यंत कोणी पोचविले, हे मी चौदा वर्षे विचारले नाही. आजही विचारीत नाही. मैनाबाई सध्या माझ्याकडे पाहून हसते, तेवढे पुरे.

आता ती सकाळी दोन घटका ओसरीच्या पायरीवर उन्हात बसते. पहिल्या दिवशी तोंडावर पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून बसली. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. "बाप्पा, देशमुखीनबाई उन्हात आल्या!" "गोऱ्या हायेत व." मैनाबाईने त्यांना हाकलले : "काय पाह्यता, बाई का ओतीव मूर्ती हाये? जा, निंदाले जा." तिसऱ्या दिवशी तुझी आई रस्त्याकडे तोंड करून बसली. तिने मला विचारले, "हे निंबाचं झाड केव्हा इतकं वाढलं वो?" त्या झाडाखालून मी रोज जातो.

तीळ खाते. अंबाडीची भाजी खाते. तू लिहिल्याप्रमाणे चालते, मैनाबाईच्या खांद्यावर हात ठेवून विहिरीपर्यंत. दूध मात्र नाही.

मी पुष्कळ विचारांती एक मार्ग काढला आहे. बडनेरा स्टेशनावर स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रतीक्षालय आहे. मी तुझ्या आईस तेथे घेऊन येईन. तू अकोल्याहून यावेस. आई दूध बरोबर आणील. तू तिच्या हातून ते प्यावेस. तेथे माझ्या घराचा उंबरठा नाही, तेव्हा माझी शपथ अबाधित राहील. आणि तिचाही नवस फिटेल. दिवस कळव.

तुझ्या प्रकृतीविषयी एक विचारतो. आजी वाकली, आई वाकली. डॉक्टर म्हणतात की हे आईकडून मुलीकडे येते. तू छत्तीस वर्षांची आहेस. तू दूध पितेस काय?

भगवंतराव


मु. धानोरा
रविवार, ता. ४ जानेवारी १९५९

चि. सत्यवतीस आशीर्वाद.

तुझे उत्तर या वेळी मैनाबाईच्या नावे नव्हते, माझ्या नावे होते. चारच ओळी. "प्लॅटफॉर्मवर चोरासारखे दूध मी पिणार नाही. आईने 'या घरात' म्हटले आहे. मी पुढच्या दाराने येईन, नाहीतर येणार नाही. दूध मी रोज पिते."

शेवटच्या वाक्याबद्दल समाधान वाटले. बाकीच्या ओळींचा मला संताप आला आणि तो मी नऊ दिवस बाळगला. म्हणून उत्तरास विलंब.

त्या नऊ दिवसांत दोन गोष्टी घडल्या.

पहिली अशी. मंगळवारी तुझी आई ओसरीच्या पायरीवरून उतरत होती. मैनाबाई पाणी भरण्यास गेलेली. पायरीवर तिचा तोल गेला. मी जवळ उभा होतो, म्हणून धरली. दोन्ही हातांनी उचलून पायरीवर बसविली. सत्यवती, तिला वजन नव्हते. सरकी काढलेल्या कापसाची पाटी उचलावी, तशी ती वर आली. मी इतका जोर लावला होता की मीच मागे गेलो. काही मोडले नाही. ती हसली. म्हणाली, "पंचेचाळीस वर्सांत पयल्यांदा उचललं तुमी मले, आन तेबी गल्लीत." मी तेथेच पायरीवर तिच्या शेजारी बसलो. डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला खुबा हा शब्द समजला होता. त्या दिवशी खुबा समजला.

दुसरी. नवस शास्त्राने सोडविता येतो, हे मला माहीत होते. मी चांदूरहून कमलाकांतशास्त्र्यांना बोलाविले. त्यांनी सांगितले, प्रायश्चित्त करावे, ब्राह्मणास दुभती गाय दान द्यावी, देवापुढे क्षमा मागावी, म्हणजे दूध घेण्यास प्रत्यवाय नाही. मी लाल गाय अंगणात उभी केली. पाट मांडला. तुझी आई येऊन बसली. आता उघड्यावर बसण्याची तिला सवय झाली आहे. शास्त्रीबुवांनी संकल्पासाठी पाणी सोडण्यास सांगितले.

तिने हात पुढे केला नाही. पदर सावरून तिने शास्त्रीबुवांना विचारले, "महाराज, गाय देल्ली की देवापुढं घेतलेला शबूद सुटते?"

"सुटतो, बाई. शास्त्रात तशी सोय आहे. रोगपीडितास तर निश्चित."

मग ती माझ्याकडे वळली. सत्यवती, तुझ्या आईने परक्या पुरुषासमोर माझ्याकडे थेट पाहून बोलल्याची ही पहिली वेळ. आवाज चढविला नाही. "देवाले देल्लेला शबूद सुटते," ती म्हणाली, "अन भाऊबंदायले देल्लेला काहून नाई सुटत वो? ते का देवाहून मोठे हायेत?"

शास्त्रीबुवा पळीकडे पाहू लागले. मैनाबाई गाईच्या आडून म्हणाली, "आता द्या उत्तर."

चौथीत पहिला आलो होतो, परंतु हा प्रश्न तेथे नव्हता. गाय परत गोठ्यात बांधली. शास्त्रीबुवांना शिधा देऊन पाठविले.

मी त्या दिवशी जेवलो नाही. रागाने नव्हे. मला डॉक्टरांचे ते दोन गवंडी आठवत होते. सतत पाडणे आणि बांधणे चालते म्हणून हाड हाड राहते, असे ते म्हणाले होते. मी पुन्हा विचारले होते, पाडणारा नसेल तर? तर हाड जुने होते, म्हणाले. वरून मजबूत दिसते, आणि एके दिवशी काचेसारखे फुटते.

अधिक काय लिहू. तूर्त एवढेच.

भगवंतराव


मु. धानोरा
सोमवार, ता. १२ जानेवारी १९५९

चि. सौभाग्य— चुकलो. चि. सत्यवतीस अनेक उत्तम आशीर्वाद. कागद बदलत नाही. फार थोडे कागद उरले आहेत.

काल मी १९४४ साली ज्या ज्या भाऊबंदांसमक्ष शपथ घेतली होती, त्यांपैकी हयात असलेल्या सर्वांना ओसरीवर बोलाविले. सातजण आले. सुपारी दिली. तुझी आई दारात बसली होती, पडद्याखेरीज. काहींनी त्यामुळे तिकडे पाठ केली.

मी उभा राहून सांगितले की चौदा वर्षांपूर्वी मी जे बोललो, ते मागे घेतो. कारण सांगितले नाही. कारण मागण्याचा त्यांना अधिकार नाही.

तुझे चुलते खुशालराव म्हणाले, "भाऊ, देशमुखाचा शबूद हाये तो. बाईच्या नादानं मोडता?"

मी बाहेर प्रमाण भाषेत बोलतो, हे तू जाणतेस. त्या वेळी तोंडून घरची बोली निघाली. "शबूद माया होता, खुशालराव. मीच बांधला, मीच मोडून राह्यलो. तुयं काय गेलं?"

मला वाटले होते, त्या क्षणी माझ्यात काहीतरी मोडेल. मी त्या आवाजाची वाट पाहत होतो, पाडव्याला ऐकला तसल्या. तसे काही झाले नाही. ओसरीवर ऊन होते. खुशालरावांनी आणखी एक सुपारी मागितली.

मैनाबाईस ही बातमी कळली, तेव्हा ती डोळे पुसत म्हणाली, "म्हंजे मायं सांजचं दूध बंद होते म्हना!" तुझी आई म्हणाली, "मैने, तुयं दूध मी मरेतोवर बंद होत नाई." दोघी मग इतक्या हसल्या की मला ओसरीवरून उठून जावे लागले.

डॉक्टरांना भेटून आलो. त्यांनी माझी समजूत स्पष्ट करून दिली : जे हाड गेले, ते दुधाने परत येणार नाही. तिची चार बोटे परत येणार नाहीत. उरले आहे ते सावरून धरता येईल, एवढेच. मी म्हणालो, उरलेले पुष्कळ आहे. ते म्हणाले, फोटोत तरी पुष्कळ नाही, देशमुख. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. ते फोटो पाहतात.

पडदा मी पेटीत ठेवला आहे. त्यातले टाके मला अधूनमधून पाहावेसे वाटतात. चौसष्ट वर्षांत मी जे जे मोठे म्हणून पाहिले, मंदिरे, नद्यांचे पूर, पहिल्यांदा पाहिलेले इंजिन, त्यांत या दोन छिद्रांएवढे मला काही थक्क करीत नाही. दोहोंच्या मध्ये चौदा वर्षे आहेत, आणि तुझी आई ती एका शब्दाने न बोलता उभी राहिली.

शनिवारी, ता. १७ रोजी, अकोल्याहून सकाळच्या पॅसेंजरने निघावेस. मूर्तिजापूर, बडनेरा करीत ती चांदूरला बाराच्या सुमारास येते. बडनेऱ्यास उतरू नकोस. तो माझा विचार चुकीचा होता.

स्टेशनावर मी स्वतः असेन. दमणीला पडदा नसेल. आई येणारच म्हणते; गाडीवानाच्या शेजारी, पुढे, गादीवर बसवीन आणि बैल हळू हाकावयास सांगेन. तुला ती लांबून चटकन ओळखू येणार नाही. तुझ्या आठवणीत आहे त्यापेक्षा ती लहान झाली आहे. तोंडावर दाखवू नकोस.

घरी पुढच्याच दाराने नेईन. दूध तापवून ठेवलेले असेल. हे आधीच कळवून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी तुझ्या मनात काही येणार नाही : तिच्या उजव्या मनगटात अजून पेला धरण्याइतके बळ आलेले नाही. ती डाव्या हाताने देईल. डाव्या हाताने दिले, म्हणून नाही म्हणू नकोस.

तुझा बाप,
भगवंतराव